दोन डॉक्टरांमधील चिठ्ठी



घरांतील वृद्ध माणूस एकाएकीं आजारी पडतो, त्याला रुग्णालयांत हलवितात, आणि तेथील तरुण डॉक्टर खाटेशीं उभा राहून पहिला प्रश्न विचारतो, "यांना कोणकोणतीं औषधें चालू आहेत?" आजोबांना ग्लानि आलेली असते, आजींना गोळ्यांचे रंग ठाऊक असतात, नांवें ठाऊक नसतात, कचेरींतून धांवत आलेल्या मुलाला त्यांतलें कांहींच सांगतां येत नाहीं. ज्याला सर्व ठाऊक आहे तो घरचा डॉक्टर त्या वेळीं आपल्या दवाखान्यांत दुसऱ्याच कोणाची नाडी पाहत बसलेला असतो. पंधरा दिवसांनीं आजोबा घरीं परततात तेव्हां हाच प्रकार उलट दिशेनें घडतो. रुग्णालयानें काय केलें, कोणती गोळी बंद केली, कोणती नवी दिली, हें घरच्या डॉक्टराला कोणी कळवीत नाहीं.

या दोन डॉक्टरांमध्यें जी चिठ्ठी जावी-यावी तिची हकीकत मी आज सांगणार आहें. ही हकीकत मुख्यत्वें इंग्लंडची आहे. घरचा डॉक्टर एकीकडे आणि रुग्णालयांतला तज्ज्ञ दुसरीकडे, ही वांटणी तेथें जितकी कडक झाली तितकी फार थोड्या देशांत झाली असेल. आणि जें तुटलें तें सांधण्याचे प्रयत्नही तेथेंच शंभर वर्षें चालले आहेत.

अठराव्या शतकांत लंडनमध्यें व इतर शहरांत धर्मादाय रुग्णालयें निघालीं. तेथें प्रवेश मिळण्यास चिठ्ठी लागे खरी, पण ती डॉक्टराची नव्हे. रुग्णालयाला वर्गणी देणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाची ती शिफारस असे. रोग्याला काय होत आहे यापेक्षां तो कोणाच्या ओळखीचा आहे, हेंच त्या कागदावरून अधिक कळे. १८२८ सालीं विल्यम मार्सडेन नांवाच्या शस्त्रवैद्यानें ही अट झुगारून देऊन एक मोफत दवाखाना काढला. तोच पुढें रॉयल फ्री हॉस्पिटल या नांवानें प्रसिद्धीस आला. शिफारशीची चिठ्ठी मागणार नाहीं, एवढें म्हणण्यासाठींही त्या काळीं नवी संस्था काढावी लागली!

या धर्मादाय रुग्णालयांचा आणखी एक नियम आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. बरा होण्याजोगा रोगी घ्यावा, जुनाट व असाध्य दुखण्याच्या माणसाला घेऊं नये, असें त्यांचें सामान्य धोरण होतें. वर्षाअखेर वर्गणीदारांपुढें ठेवावयाला बरे होऊन गेलेल्यांचा आंकडा हवा असे, आणि म्हातारपणाचें दुखणें त्या आंकड्यांत सहसा बसत नाहीं. त्यामुळें गरीब म्हातारा शेवटीं जाई तो वर्कहाउसमध्यें, म्हणजे कंगाल लोकांसाठीं चालविलेल्या सरकारी आश्रयगृहांत. तेथून कोणाला चिठ्ठी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. तो परत येणार आहे असें कोणी धरून चालतच नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग गर्दीनें फुगले. ज्यांची फी देण्याची ऐपत आहे असे लोकही फुकट उपचारासाठीं तेथें जातात आणि आमच्या पोटावर पाय येतो, अशी वस्तीवस्तींतल्या सामान्य डॉक्टरांची तक्रार सुरू झाली. या भांडणांतून हळूहळू एक तह झाला. रोग्यानें प्रथम आपल्या डॉक्टराकडे जावें. त्यानें चिठ्ठी दिली तरच तज्ज्ञानें पाहावें. आणि पाहून झाल्यावर रोगी परत त्याच डॉक्टराच्या हवालीं करावा. रोगी एकाचा राहिला, रुग्णालय दुसऱ्याचें राहिलें. आज वैद्यकाचा मोठा संकेत म्हणून ज्याचा गौरव होतो त्या चिठ्ठीचा जन्म हा असा हद्दीच्या तंट्यांत झाला आहे, रोग्याच्या सोयीसाठीं झालेला नाहीं. तह पाळला गेला आहे हें दाखविणें हें तिचें पहिलें काम. तींत माहिती किती असावी, ती किती दिवसांत पोंचावी, याविषयीं तहांत कांहींच कलम नव्हतें.

रुग्णालयांतल्या नोंदींची स्थितिही बरी नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंचें नांव घेतलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दिवा येतो. पण त्यांचें खरें शस्त्र आंकडे हें होतें. रुग्णालयांविषयींच्या त्यांच्या पुस्तकाची जी आवृत्ति १८६३ सालीं निघाली तींत त्यांनीं सर्व रुग्णालयांसाठीं एकाच नमुन्याचीं कोष्टकें सुचविलीं. प्रत्येकानें आपापल्या परीनें लिहिलेल्या वह्या एकमेकींशीं ताडून पाहतां येत नाहींत, हें त्यांचें म्हणणें. ती तक्रार पुढें दीडशें वर्षें जुनी होऊं शकली नाहीं.

१९११ सालीं अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनीं राष्ट्रीय विम्याचा कायदा संमत करून घेतला. त्याप्रमाणें जानेवारी १९१३ पासून विमा उतरलेल्या कामगाराला यादींतल्या एखाद्या डॉक्टराकडे नांव नोंदवून औषधोपचार मिळूं लागला. सरकारी पैसा आला म्हणजे सरकारी कागदही येतो. महायुद्धाच्या धांदलींत नोंदींचें काम मागें पडलें. पण युद्ध संपल्यावर, १९२० च्या सुमारास, त्यांसाठीं एक जाड कागदाचें पाकीट ठरविण्यांत आलें. सुमारें सात इंच लांब आणि पांच इंच रुंद. पाकिटावर रोग्याचें नांव व पत्ता, आंत नोंदींचीं कार्डें. लोकांनीं त्याला लॉइड जॉर्ज पाकीट असें नांव दिलें, आणि त्या मुत्सद्द्याचीं बाकीचीं बरींच कामें विस्मरणांत गेलीं तरी तें पाकीट शंभर वर्षें टिकलें.

या पाकिटाचा एक गुण असामान्य होता. माणसानें गांव बदललें, डॉक्टर बदलला, कीं पाकीट नव्या डॉक्टराकडे रवाना होई. लहानपणींच्या गोंवरापासून सत्तरीच्या मोतीबिंदूपर्यंत एका आयुष्याची हकीकत एकाच ठिकाणीं जमत जाई. पण दोष पाहा. रुग्णालयाकडून येणारें पत्र मोठ्या कागदावर असे; तें तीन-चार घड्या करून आंत कोंबावें लागे. दुखणीं जितकीं जास्त तितकें पाकीट फुगे, आणि फुगलेल्या पाकिटांतून नेमका कागद पांच मिनिटांत शोधून काढणें अशक्य होई. म्हणजे ज्याला या व्यवस्थेची सर्वांत अधिक गरज त्या म्हाताऱ्या माणसाचेंच पाकीट सर्वांत निरुपयोगी! आरंभीं तर घरांतल्या बहुतेक म्हाताऱ्यांना पाकीट नव्हतेंच. विमा मजुरी करणाऱ्याचा; त्याची बायको, मुलें, आणि कधींच विमा न उतरलेले आईबाप यांना त्यांत जागा नव्हती.

लॉर्ड डॉसन यांच्या समितीनें १९२० सालींच अहवाल देऊन सुचविलें होतें कीं, सामान्य डॉक्टर आणि तज्ज्ञ यांनीं आरोग्यकेंद्रांतून एकमेकांच्या सान्निध्यांत काम करावें. अहवालाची वाहवा झाली आणि तो कपाटांत गेला. त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

अधिक बोलावयाचें आहे तें एका बाईंविषयीं. लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथें वेस्ट मिडलसेक्स हें रुग्णालय आहे. १९३५ सालीं शेजारच्या वर्कहाउसमधील रोग्यांचे वॉर्ड या रुग्णालयाच्या ताब्यांत आले, आणि तें काम डॉ. मार्जरी वॉरन यांच्या वांट्यास आलें. रोगी होते ७१४. त्यांतले पुष्कळ वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेले. कोणाला अर्धांगवायु झालेला, कोणाचें हाड मोडलेलें, कोणी नुसतेच दुबळे, कोणी भ्रमिष्ट, सर्व एकत्र. बहुतेकांची नीट तपासणी झालेली नव्हती, निदान ठरलेलें नव्हतें. हा माणूस येथें कां निजून आहे, या प्रश्नाला उत्तर देणारा कागद नाहीं आणि माणूसही नाहीं, अशी अवस्था.

वॉरनबाईंनीं काय केलें? कोणतेंही नवें औषध शोधून काढलें नाहीं. त्यांनीं एकेकाला तपासलें, त्याची हकीकत लिहिली, आणि रोगाप्रमाणें व सामर्थ्याप्रमाणें त्यांची विभागणी केली. ज्याला उठतां येणें शक्य त्याला उठविलें, चालावयास शिकविलें. वॉर्डांना उजळ रंग दिला, उजेड वाढविला. पुष्कळसे लोक चालूं लागले, कांहीं आपल्या घरीं गेले, आणि या रोग्यांना लागणाऱ्या खाटांची संख्या निम्म्याहून कमी झाली. १९४३ व १९४६ सालीं त्यांनीं आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. वृद्धांना सामान्य रुग्णालयांतच स्वतंत्र विभाग हवा, आणि तेथें डॉक्टर, परिचारिका, व्यायाम देणारे व घरची परिस्थिति जाणणारे यांनीं मिळून काम करावें, हा त्यांचा आग्रह. वार्धक्याच्या वैद्यकाला 'जेरिअ‍ॅट्रिक्स' हें नांव न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर यांनीं १९०९ सालींच दिलें होतें. पण त्या नांवाला जीव दिला तो आयलवर्थच्या या वॉर्डांनीं. माझ्या मतें या प्रयोगांतली सर्वांत मोठी गोष्ट व्यायामाची नसून हकीकत लिहिण्याची आहे. तरुणाला न्यूमोनिया झाला तर त्याची पूर्वकथा ठाऊक नसली तरी चालून जातें. वृद्धाच्या बाबतींत पूर्वकथा हाच अर्धा रोग असतो. आज भ्रमिष्टासारखा बोलणारा माणूस परवांपर्यंत घरचा हिशेब लिहीत होता कीं दोन वर्षांपासून असाच आहे, यावर सर्व उपचार अवलंबून. आणि हें फक्त घरचीं माणसें व घरचा डॉक्टर सांगूं शकतात.

५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आतां प्रत्येकाला डॉक्टर मिळाला, प्रत्येकाला पाकीट मिळालें. पण जुना तह तसाच राहिला. नव्हे, कायद्यानें पक्का झाला. रुग्णालयें एका मंडळाकडे, घरचे डॉक्टर दुसऱ्याकडे, आणि घरीं जाणाऱ्या परिचारिका वगैरे सेवा नगरपालिका व परगण्यांकडे. पैसा निराळा, अधिकारी निराळे, दप्तरें निराळीं. त्याच वर्षीं डॉ. शेल्डन या वुल्व्हरहॅम्प्टनच्या रुग्णालयीन वैद्यानें वार्धक्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. रुग्णालयांतला वैद्य असून त्यांनीं वृद्धांना त्यांच्या घरीं गांठलें होतें. पायांच्या तक्रारी, पडण्याची भीति, जिन्याची अडचण, सुनेची किंवा लेकीची ओढाताण, असल्या ज्या गोष्टी वॉर्डांत दिसत नाहींत त्या त्यांना तेथें दिसल्या.

घरच्या डॉक्टराला तरी सर्व ठाऊक असतें काय? १९६४ सालीं एडिंबरो येथें डॉ. विल्यमसन व त्यांचे सहकारी यांनीं तीन दवाखान्यांच्या यादींतल्या २०० वृद्धांची तपासणी केली. हृदयाचे, फुप्फुसांचे मोठे विकार त्यांच्या डॉक्टरांना बहुधा ठाऊक होते. पण चालतां न येणें, पायांचीं दुखणीं, लघवीवर ताबा नसणें, मनाची उदासीनता, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांतलें पुष्कळसें डॉक्टरांच्या नोंदींत नव्हतें. वृद्धांनीं तें सांगितलेंच नव्हतें. वय झालें, असें व्हायचेंच, अशी त्यांची समजूत. म्हणजे चिठ्ठी वेळेवर गेली असती तरी जें लिहिलेंच नाहीं तें तींतून कसें जाणार?

याच सुमारास औषधांचा पूर आला. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या, झोंपेच्या गोळ्या एकाच माणसाच्या उशाशीं येऊन बसल्या. वृद्धाचीं मूत्रपिंडें मंदावलेलीं असतात, त्यामुळें तरुणाला सोसणारी मात्रा त्याला जड जाते. झोंपेच्या गोळीनें तो रात्रीं उठतांना पडतो. रक्त पातळ ठेवणारें वॉरफॅरिन चालू असतां विशिष्ट प्रतिजैविकें दिलीं तर रक्तस्राव वाढतो. रुग्णालयानें मात्रा बदलली आणि तें घरच्या डॉक्टराला कळलें नाहीं, तर तो प्रामाणिकपणें जुनीच मात्रा लिहून देतो. किंवा एकच औषध दोन कारखान्यांच्या दोन नांवांनीं घरांत येतें, आणि दोन्ही डॉक्टरांची आज्ञा पाळणारा म्हातारा तें दोनदां घेतो. कोणीच चूक केलेली नसते, आणि माणूस दगावतो.

हें सर्व जुन्या काळचें, असें कोणी समजूं नये. रुग्णालयांतून घरच्या डॉक्टरांकडे माहिती कितपत पोंचते याविषयींच्या निरनिराळ्या अभ्यासांचा एक आढावा २००७ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत आला. रोगी घरीं आल्यावर प्रथम आपल्या डॉक्टराकडे गेला त्या वेळीं रुग्णालयाचा गोषवारा तेथें पोंचलेला होता असे प्रसंग शेंकडा १२ ते ३४ इतकेच. चार आठवड्यांनीं ५१ ते ७७. आणि हें अशा देशांतलें, जेथें मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनीं १९०७ सालींच प्रत्येक रोग्याला एक क्रमांक देऊन त्याचे सर्व कागद एका ठिकाणीं ठेवण्याची पद्धत पाडली होती, आणि जेथें १९६८ सालीं लॉरेन्स वीड यांनीं नोंदी रोग्याच्या प्रश्नांवार कशा लिहाव्या हें सांगितलें होतें. प्लमर यांची पद्धत एका संस्थेच्या भिंतींच्या आंत उत्तम चालली. अडचण भिंतीच्या बाहेर पडल्यावर सुरू होते.

संगणकानें ही अडचण सुटेल अशी मोठी आशा होती. इंग्लंडनें २००२ सालीं साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका प्रचंड योजनेंत गोंवण्याचा घाट घातला. जवळजवळ दहा अब्ज पौंडांचा खर्च अंगावर आला, आणि २०११ सालीं ती योजना मोडीत काढल्याचें जाहीर झालें. डेन्मार्कनें आरंभ निराळा केला. १९६८ पासून तेथें प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहेच. १९९४ सालीं मेडकॉम नांवाची संस्था काढून त्यांनीं फक्त एवढें ठरविलें कीं, पाठवणीची चिठ्ठी, रुग्णालयांतून घरीं सोडतांनाचें पत्र, औषधपत्र व प्रयोगशाळेचा निकाल यांचा नमुना सर्वांनीं एकच ठेवावा. यंत्र ज्याचें त्यानें आपलें ठेवावें. २००३ पासून रोग्यालाही सरकारी संकेतस्थळावर आपली माहिती पाहतां येऊं लागली. मला यांतला फरक असा दिसतो: इंग्रजांनीं कोठार बांधावयास घेतलें, डेन लोकांनीं टपाल सुधारलें. लहान देशाला हें सोपें जातें, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे. पण नाइटिंगेलबाईंनीं मागितलेलें एकाच नमुन्याचें कोष्टक तें हेंच, एवढें मात्र म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

इंग्लंडच्या त्या फसलेल्या योजनेंतून एक छोटी वस्तु वांचली. रोग्याचीं चालू औषधें, त्याला न सोसणारे पदार्थ आणि पूर्वीं झालेले दुष्परिणाम, एवढाच सारांश आतां बहुतेकांचा तयार असतो, आणि रुग्णालयांतल्या डॉक्टराला तो रात्रीं दोन वाजतां पाहतां येतो. २०२१ पासून नव्या रोग्यांसाठीं कोरीं लॉइड जॉर्ज पाकिटें देणें बंद झालें. पण ज्या उपायांचें मला विशेष कौतुक वाटतें ते याहूनही साधे आहेत. लायन्स क्लबांची एक योजना आहे: आपली माहिती एका कागदावर लिहून ती प्लॅस्टिकच्या बाटलींत घालावयाची आणि बाटली शीतपेटींत ठेवावयाची. प्रत्येक घरांत शीतपेटी सांपडतेच, म्हणून रुग्णवाहिकेचीं माणसें प्रथम तेथें पाहतात. लंडनमधल्या सटन येथें २०१५ सालीं लाल पिशवी निघाली. वृद्धाश्रमांतला माणूस रुग्णालयांत निघाला कीं त्याच्याबरोबर ही पिशवी जाते. तींत त्याचे कागद, औषधें, एक जोड कपडे, चष्मा, कानाचें यंत्र आणि दांतांची कवळी. कवळी हरवली तर तो जेवत नाहीं, चष्मा हरवला तर पडतो, आणि कानाचें यंत्र नसलें तर डॉक्टर त्याला भ्रमिष्ट ठरवितात. घरीं येतांना सोडचिठ्ठीच्या कागदांसह हीच पिशवी परत येते.

आपल्याकडे तो कडक तह कधीं झालाच नाहीं. येथें कोणीही उठून कोणत्याही तज्ज्ञाकडे जातो, आणि कागद रोग्याच्या घरीं राहतात. डॉक्टरांच्या वर्तनाविषयींच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णालयांत दाखल झालेल्याच्या नोंदी तीन वर्षें ठेवणें आणि मागितल्यास ७२ तासांत देणें बंधनकारक आहे. हें फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतें. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं केंद्र सरकारनें डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू केलें. त्यांत १४ आंकडी क्रमांक मिळतो आणि रोग्याच्या संमतीनें त्याचे कागद एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. परंतु गल्लींतला घरचा डॉक्टर अजून पुष्कळ ठिकाणीं केसपेपरावर दोन ओळी लिहितो, आणि बहुतेक घरांत सर्व भिस्त आहे ती कपाटांतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर. तींत एक्स-रे आहेत, रक्ताचे अहवाल आहेत, तीन रुग्णालयांचीं डिस्चार्ज कार्डें आहेत. कार्ड इंग्रजींत असतें आणि गोळ्या देणारी आजी मराठी वाचते. चालू ठेवावयाच्या गोळ्यांची यादी त्यावर असते. बंद केलेल्या गोळीचें नांव बहुधा नसतें, आणि तिची अर्धी पट्टी घरच्या डब्यांत अजून शिल्लक असते.